आईचा पीबीसी, ग्लोब स्कोअर ०.७९ आला... कुणी गणित तपासून देईल का?

गवतीचहा | गुरुवार, रात्री ११.४८

नमस्कार. एरवी मी पाककृती आणि भटकंतीच्या धाग्यांवर असते, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

आई साताऱ्यात असते, मी पुण्यात. ती प्राथमिक शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिला खाज सुटायला लागली. पुरळ नाही, गांध नाही, काही नाही. फक्त तळहात आणि तळपाय, आणि तेही रात्री. त्वचेच्या डॉक्टरांकडे चार महिने गेले, खरजेचं मलम लावून झालं, घरातल्या सगळ्या चादरी उकळून झाल्या. दिवाळीत घरी गेले होते. रात्री दोनला पाणी प्यायला उठले तर मोरीत दिवा. आई पाटावर बसून भांड्यांच्या काथ्याने तळपाय घासत होती. एका टाचेतून रक्त येत होतं. मला बघून म्हणाली, "झोप गं, जरा कंड सुटलाय."

मग तपासण्या झाल्या. बिलिरुबिन नॉर्मल, पण अल्कलाईन फॉस्फटेज (पित्तनलिकांना त्रास झाला की वाढणारं एन्झाइम) ४१०. एएमए नावाची अँटिबॉडी पॉझिटिव्ह, १:३२०. निदान: प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, म्हणजेच पीबीसी. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवर उलटते. यूडीसीए (या आजारावरचं नेहमीचं औषध) ३०० च्या रोज तीन गोळ्या सुरू झाल्या. त्याला आता वर्ष झालं. मागच्या आठवड्यातला रिपोर्ट असा:

गोळी सुरू करतानाचं वय ५४
बिलिरुबिन ०.८ (वरची मर्यादा १.२)
अल्कलाईन फॉस्फटेज १९२ (वरची मर्यादा १२०)
अल्ब्युमिन ४.० (खालची मर्यादा ३.५)
प्लेटलेट्स २.१ लाख
फायब्रोस्कॅन ७.८

डॉक्टरांची भेट तीन आठवड्यांनी आहे. तोवर धीर धरवेना म्हणून नेटवर शोधलं. ग्लोब स्कोअर नावाचं सूत्र सापडलं, यूडीसीएच्या एका वर्षानंतरचे आकडे घालायचे आणि पुढचं भाकीत मिळवायचं. मी दिवसभर एक्सेलमध्येच असते, सूत्र घातलं. उत्तर ०.७९. आणि ०.३० च्या वर गेलं की त्या वयाच्या चारचौघांपेक्षा आयुष्य कमी, असं तिथे लिहिलंय. आणखी खोदलं तर कुठेतरी "सरासरी ४ वर्षं" असं वाचलं आणि लॅपटॉप बंद केला.

भावाला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. कुणाला यातलं कळतं का?

सांजवात | गुरुवार, रात्री ११.५९

आधी लॅपटॉप बंदच ठेव आणि झोप. मला यातलाच दुसरा प्रकार आहे, ऑटोइम्यून हेपटायटिस, त्यात प्रतिकारशक्ती थेट यकृताच्या पेशींवर उलटते. १४ वर्षं झाली. उद्या सविस्तर लिहिते.

निसर्गमित्र६२ | शुक्रवार, सकाळी ६.१२

ताई, घाबरू नका. यकृतासाठी गुळवेलीसारखं औषध नाही. रोज सकाळी उपाशीपोटी काढा द्या, तीन महिन्यांत रिपोर्ट नॉर्मल. प्रतिकारशक्ती वाढते. आमच्या शेजाऱ्यांना...

रिपोर्टसंध्याकाळी | शुक्रवार, सकाळी ८.३०

पॅथॉलॉजी लॅबमध्ये २२ वर्षं काढलीत, तेव्हा सवयीने आधी एकक बघतो. गवतीचहा, एक्सेलमध्ये प्लेटलेट्सच्या घरात काय टाकलंय? २.१ का?

गवतीचहा | शुक्रवार, सकाळी ८.४१

हो. रिपोर्टवर तेच छापलंय.

रिपोर्टसंध्याकाळी | शुक्रवार, सकाळी ८.५८

झालं तर मग. आपल्याकडे प्लेटलेट लाखात लिहायची पद्धत. डेंगीच्या सीझनमध्ये अख्खं गाव लाखातच बोलतं. ते सूत्र तिकडचं, त्यात हजारात टाकायचं असतं. २.१ लाख म्हणजे २१०. सूत्रात प्लेटलेटला ०.००२५८१ ने गुणून वजा करतात. २.१ घातल्यावर वजाबाकी झाली ०.००५ ची, व्हायला हवी होती ०.५४ ची.

मी कॅल्क्युलेटरवर पुन्हा केलं. ०.२६ येतंय. रेषेच्या खाली.

तुमच्या आईचा आजार रात्रीत वाढला तो लाखामुळे.

गवतीचहा | शुक्रवार, सकाळी ९.०३

मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडतेय. थांबा.

गवतीचहा | शुक्रवार, सकाळी ९.२०

बदललं. ०.२५७. दंडवत घ्या. २१० घालायचं मला सुचू नये! रोज लोकांच्या शीटमधल्या एककांच्या चुका काढून देते मी.

उंटावरचा_शहाणा | शुक्रवार, दुपारी १.१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मी विमा क्षेत्रात ॲक्च्युअरी आहे, म्हणजे लोक किती जगतील याचा हिशेब करूनच पोट भरतो. वैद्यकातलं कळत नाही, पण या सूत्राची जात ओळखीची आहे. आनंदाच्या भरात ०.२६ ला कवटाळू नका म्हणून चार गोष्टी.

तुमची बेरीज सुटी करून बघा. वयाचे अधिक २.४०. अल्ब्युमिनचे उणे २.५९. बिलिरुबिनचे उणे ०.३८, प्लेटलेट्सचे उणे ०.५४, फॉस्फटेजचे अधिक ०.१६, आणि एक स्थिरांक १.२२. म्हणजे स्कोअर वर ओढणारी सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्या आईचं वय आहे, आजार नव्हे! म्हणूनच त्या अभ्यासात वयानुसार वेगळ्या रेषाही आखल्यात, ५२ ते ५८ वयाला ०.६०. तुमचं चुकलेलं उत्तर दोन्ही रेषांच्या वर होतं, बरोबर उत्तर दोन्हींच्या खाली आहे.

आता ते "सरासरी ४ वर्षं". ते कुठून आलं असेल त्याचा अंदाज आहे. १९७९ मध्ये याच आजारावर एक निबंध आला होता, बिलिरुबिन २ च्या वर जाऊन टिकलं की सरासरी आयुष्य ४.१ वर्षं, ६ च्या वर २.१, १० च्या वर १.४. तेव्हा यूडीसीए वापरात नव्हतं. आणि तुमच्या आईचं बिलिरुबिन ०.८ आहे! त्या तक्त्यात त्यांचं नावच नाही. १९८९ चं मेयो क्लिनिकचं सूत्रही उपचाराआधीच्या काळातल्या रुग्णांवर बेतलेलं. नेटवर १९७९ आणि २०१५ शेजारी शेजारी एकाच टायपात छापलेले दिसतात, हा खरा घोळ आहे.

नवा हिशेब हवा असेल तर २०१४ चा मोठा अभ्यास आहे, युरोप आणि उत्तर अमेरिकेतले ४८४५ रुग्ण. एका वर्षाच्या टप्प्यावर ज्यांचं फॉस्फटेज मर्यादेच्या दुपटीच्या आत होतं, त्यांच्यातले १०० पैकी ८४ जण दहा वर्षांनी प्रत्यारोपणाशिवाय हयात होते. दुपटीच्या वर असलेल्यांत ६२. बिलिरुबिन मर्यादेच्या आत असलेल्यांत ८६, वर असलेल्यांत ४१. तुमच्या आई दोन्हीकडे बऱ्या गटात. पण गट म्हणजे गट. त्या ८४ मध्ये त्या आहेत की १६ मध्ये, हे सूत्राला माहीत नाही, मलाही नाही. आणि त्या १६ मध्ये हार्ट अटॅकने गेलेलेही मोजलेत. प्रत्येकजण यकृतानेच गेला असं नाही.

पाचवा_कोन | शुक्रवार, दुपारी १.४०

+१. बेरीज सुटी करून दाखवणं आवडलं. आमच्या डॉक्टरांनी कधी असं बसून सांगितलं नाही.

तालुका_डॉक्टर | शुक्रवार, रात्री ९.१०

मी यकृतरोगतज्ज्ञ नाही, तालुक्याच्या गावात एमडी मेडिसिन करून बसलेला माणूस. असे तीन-चार रुग्ण माझ्याकडे आहेत, त्यांच्या तज्ज्ञांशी बोलून सांभाळतो. इथे लिहितोय त्यावरून औषध बदलू नये.

एएमए १:३२० बघून घाबरू नका. ही अँटिबॉडी १० पैकी ९ पीबीसी रुग्णांत सापडते, निदानाला उत्तम, पण ती किती आहे त्यावरून आजार किती पुढे गेलाय ते कळत नाही. ती पुन्हापुन्हा तपासून पैसे घालवू नका. अँटी-जीपी२१० नावाची दुसरी एक आहे, ती असेल तर आम्ही जरा जास्त सावध होतो.

फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय त्याचं माप, ७.८ किलोपास्कल. पीबीसीत ढोबळमानाने ८ च्या खाली धोका कमी, १५ च्या वर जास्त, मधे मध्यम. एकटा आकडा बघू नका, वर्षा-दोन वर्षांनी तो कुठे सरकतो ते बघा.

खाज आणि थकवा यांचा या स्कोअरशी संबंध नाही. रात्रभर खाजवणाऱ्या बाईचं यकृत उत्तम असू शकतं आणि काहीच तक्रार नसलेल्याचं पार कडक झालेलं असू शकतं. सूत्रात खाजेला घरच नाही. त्यामुळे स्कोअर चांगला आला म्हणून "मग आता काय खाजवतेस" असं घरात कुणी म्हणू नये. (म्हणतात. ऐकलंय.)

आता जरा कडू. १९२ म्हणजे मर्यादेच्या १.६ पट. वर्षानंतर उपचाराला प्रतिसाद पुरेसा आहे का, हे ठरवायच्या पट्ट्या वेगवेगळ्या शहरांच्या नावांनी आहेत. बार्सिलोना म्हणते ४० टक्क्यांहून जास्त घट हवी. तुमची ४१० वरून १९२, म्हणजे ५३ टक्के, पास. रॉटरडॅम बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन बघते, पास. टोरोंटोची रेषा १.६७ पट, तीही दोन वर्षांनी बघायची. पॅरिसची दुसरी पट्टी म्हणते १.५ पटीच्या आत हवं. तिथे नापास. आणि ही पट्टी मुद्दाम सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीच केलेली आहे, म्हणजे तुमच्या आईसारख्यांसाठी.

त्यामुळे डॉक्टर कदाचित दुसरं औषध जोडायचा विषय काढतील. बेझाफायब्रेटचा २०१८ चा फ्रेंच अभ्यास आहे, १०० रुग्ण, दोन वर्षं. औषध घेतलेल्यांत ३१ टक्क्यांचे सगळे आकडे नॉर्मल झाले, नुसत्या यूडीसीएवाल्यांत एकाचेही नाही. खाजेलाही त्याचा फायदा होतो.

पण त्याआधी दोन प्रश्न. आईंचं वजन किती? आणि तीन गोळ्यांपैकी पोटात किती जातात?

गवतीचहा | शुक्रवार, रात्री ९.३२

वजन ६८. गोळ्या तीनही घेते, ती फार शिस्तीची आहे. एक पावडरही आहे खाजेसाठी, कोलेस्टिरामिन, पाचेक महिन्यांपासून.

तालुका_डॉक्टर | शुक्रवार, रात्री ९.४०

किलोमागे १३ ते १५ मिलिग्रॅम हा डोस. ९०० भागिले ६८, १३.२. बरोबर बसतो. पण पावडर आणि यूडीसीए यांच्यात चार तासांचं अंतर हवं. पावडर पित्ताम्लं धरून ठेवते, आणि यूडीसीए हेही पित्ताम्लच, त्यामुळे त्यालाही धरून बाहेर नेते. वेळा विचारून घ्या.

रिपोर्टसंध्याकाळी | शुक्रवार, रात्री १०.०५

डॉक्टरसाहेबांच्या पटीच्या हिशेबाला पुरवणी. लोक विचारतात, आकडा सोडून पट कशाला. कारण प्रत्येक लॅबची मशीन आणि पद्धत वेगळी. एकाची वरची मर्यादा १२० असते, दुसऱ्याची १४०. १९२ इथे १.६ पट आणि तिथे १.३७ पट. लॅब बदलली की पॅरिसला पास! तेव्हा लॅब एकच ठेवा, आणि रिपोर्टच्या कंसातली मर्यादा वहीत लिहा, नुसता आकडा नको.

दुसरं, फॉस्फटेज हाडांतूनही येतं. पंचावन्नच्या बाई, डी जीवनसत्त्व कमी असेल तर त्यानेही थोडं चढतं. जीजीटी (यकृताचं दुसरं एन्झाइम) सोबत केली की कळतं कुठलं आहे ते.

निसर्गमित्र६२ | शनिवार, सकाळी ६.०५

इतके आकडे कशाला? आपल्या पूर्वजांनी... गुळवेल...

सांजवात | शनिवार, सकाळी ९.४५

निसर्गमित्र काका, रागावू नका, पण हे मी सोडणार नाही. ज्या आजारात प्रतिकारशक्तीच घरात शिरून मारामारी करतेय, तिथे ती "वाढवणारं" काही देऊ नका. कोविडच्या पहिल्या वर्षी, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, मुंबईत गुळवेल घेतल्यावर कावीळ झालेले सहा रुग्ण सापडले. २०२१ मध्ये ते छापून आलं. बायोप्सीत ऑटोइम्यून हेपटायटिससारखंच चित्र. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, वनस्पती नीट ओळखली का, तशीच दिसणारी दुसरी वेल असेल, वगैरे. मग देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून ४३ रुग्ण गोळा केले. काहींच्यात आधीपासून लपलेला ऑटोइम्यून आजार गुळवेलीने उघडा पाडला असा त्यांचा अंदाज. तुमच्या शेजाऱ्यांना गुण आला असेल, वाद नाही. इथे नको.

आता माझं. भाकीत या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे.

३१ व्या वर्षी डोळे पिवळे झाले, यकृताचं एन्झाइम एएलटी ९०० च्या पुढे. ए, बी, सी, ई सगळे व्हायरस निगेटिव्ह. बायोप्सी झाली. मी डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारलं, "किती वर्षं?" ते म्हणाले, "आज सांगितलं तर ते खोटं असेल. गोळ्या सुरू करू. आठ आठवड्यांनी या, मग सहा महिन्यांनी, तेव्हा थोडं खरं सांगता येईल." मला वाटलं टाळतायत. त्या वेळी त्यांचा इतका राग आला होता की जिना उतरताना फाइल फेकून दिली असती.

पण ते बरोबर होते, हे आता कळतं. आमच्या आजारात पहिल्या दिवसाचे आकडे भयंकर असतात आणि त्यांना फारसा अर्थ नसतो. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू केल्यावर आठ आठवड्यांत एन्झाइम ८० टक्के किंवा जास्त उतरली, तर सहा महिन्यांनी आणि वर्षाने ती नॉर्मल असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. २०२० मध्ये यावर अभ्यास आला, माझे डॉक्टर तेच आधीपासून अनुभवाने करत होते. आणि सहा महिन्यांत एएलटी, एएसटी ही एन्झाइम आणि आयजीजी ही अँटिबॉडी, तिन्ही नॉर्मल झाले तर त्याला पूर्ण प्रतिसाद म्हणतात. माझे सातव्या महिन्यात झाले. एक महिना उशीर, तो महिना मी झोपले नाही.

चेहरा स्टिरॉइडने गरगरीत झाला होता. मुलगी तेव्हा तीन वर्षांची, ती म्हणायची "आई चंदामामा". नंतर अझाथायोप्रिनवर, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या गोळीवर आले, चेहरा उतरला.

आणि मग चौथ्या वर्षी मी शहाणपणा केला. सगळं नॉर्मल आहे, मग गोळी कशाला? कुणाला न सांगता बंद केली. अकरा आठवड्यांत एएलटी ६००. गोळ्या थांबवल्यावर निम्म्याहून जास्त जणांचा आजार परततो, हे मला आधी सांगितलेलं होतं. मी स्वतःला उरलेल्यांत धरलं होतं. उंटावरच्या शहाण्यांनी वर लिहिलंय ना, सूत्राला माहीत नाही तुम्ही कुठल्या गटात. मला वाटलं मला माहीत आहे.

तालुका_डॉक्टर | शनिवार, सकाळी १०.३०

सांजवात, फार उपयोगी लिहिलंत. दोन भर. ऑटोइम्यून हेपटायटिसमध्ये पहिल्या काही महिन्यांत फायब्रोस्कॅनवर विसंबू नये. यकृत सुजलेलं असतं, त्यामुळे ते कडक वाटतं आणि सिरॉसिस नसताना सिरॉसिसचा आकडा येतो. सहा महिने उपचार झाल्यावर करा. आणि अझाथायोप्रिन सुरू करताना रक्तपेशींची तपासणी दर आठवड्या-दोन आठवड्यांनी न चुकता. आपल्या आशियाई लोकांत एनयूडीटी१५ नावाच्या जनुकात असा बदल बऱ्याच जणांना असतो की साध्या डोसनेही पांढऱ्या पेशी धाडकन उतरतात.

पाचवा_कोन | शनिवार, दुपारी ४.२०

मी या आजारांच्या कुटुंबातला तिसरा भाऊ. पीएससी, मोठ्या पित्तनलिका आकुंचतात तो प्रकार. सोबत मोठ्या आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस. वय ३६, बंगळुरू.

हेवा वाटतो तुमचा सगळ्यांचा. आमच्याकडे स्कोअर पुष्कळ, मेयोचा आहे, ॲमस्टरडॅम-ऑक्सफर्डचा आहे, मशीन लर्निंगवालाही आलाय. पण फॉस्फटेज आपलं आपणच वर-खाली होतं. एखादी नलिका तुंबली की ४००, मोकळी झाली की १८०. यूडीसीएने आयुष्य वाढतं असं आमच्यात सिद्ध झालेलं नाही, उलट २००९ च्या अमेरिकी अभ्यासात किलोमागे २८ ते ३० मिलिग्रॅम दिलेल्यांचं जास्त बिघडलं. आणि ज्याची खरी भीती, पित्तनलिकेचा कॅन्सर, तो चांगल्या स्कोअरवाल्यालाही गाठू शकतो. म्हणून मी स्कोअर काढणं सोडलं. वर्षाला एक एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय), एक कोलोनोस्कोपी, मधल्या काळात ट्रेकिंग.

एमईएलडी नावाचा यकृताचा स्कोअर कुणी काढू नका बरं का घरी बसून. मी काढला होता, ६ आला, वाटलं दहापैकी सहा. ती पट्टी ६ पासूनच सुरू होते आणि ४० ला संपते.

तालुका_डॉक्टर | शनिवार, दुपारी ४.५५

हाहा. एमईएलडी येत्या तीन महिन्यांपुरतं बघतो, प्रत्यारोपणाच्या यादीत आधी कोण हे ठरवायला. ज्याचं बरं चाललंय त्याचा ६ च येणार.

उंटावरचा_शहाणा | शनिवार, सायं. ६.१०

पाचवा_कोन, तुमचा निर्णय हिशेबाच्या भाषेतही बरोबर आहे. ज्या उत्तराने तुमची पुढची कृती बदलणार नाही, ते काढायचं कशाला.

गवतीचहा | पुढच्या रविवारी, रात्री १०.१५

साताऱ्याहून आत्ता परतले. सांगायचंच आहे.

आईला सगळं सांगितलं. लाखाची गंमतही. ती ऐकून घेत होती, मग मी वहीत गोळ्यांच्या वेळा लिहायला घेतल्या. सकाळी सात, दुपारी एक, रात्री नऊ. पावडर अकराला आणि संध्याकाळी पाचला. मग मी म्हटलं, अगं, दुपारची एकची गोळी तर पावडरच्या दोनच तासांनी येते. तर ही गप्प. उठून आतून श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन आली. उघडला तर त्यात यूडीसीएच्या १४ पट्ट्या.

डॉक्टरांनी चार तासांचं अंतर ठेवा सांगितलं, शाळेत पावडर अकराच्या सुट्टीतच घेता येते, मग एकची गोळी कुठेच बसेना. हिने गोळीच काढून टाकली. पाच महिने! शिस्तीत. फेकल्या नाहीत, महाग आहेत म्हणून साठवल्या. विचारलं का नाही, तर म्हणे, "डॉक्टरांच्या खोलीत इतकी गर्दी असते, एवढ्याशा गोष्टीला कुठे."

६०० भागिले ६८ म्हणजे ८.८.

तालुका_डॉक्टर, तुम्ही विचारलं तेव्हा मी ठामपणे तीन म्हटलं होतं. माफ करा.

तालुका_डॉक्टर | रविवार, रात्री १०.४०

माफी कसली. माझ्या स्वतःच्या आईच्या उशाखाली बीपीच्या गोळ्या सापडल्यात.

पण आता लक्षात घ्या, तो ०.२६ ही खरा नाही आणि पॅरिसमधलं नापास होणंही खरं नाही. दोन्ही पट्ट्या पूर्ण डोसच्या एका वर्षानंतरच्या आहेत. हे भेटीत पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर नवीन औषध लिहून होईल.

गवतीचहा | दोन आठवड्यांनी, बुधवार, रात्री ८.२५

भेट झाली. डबा सोबत नेला होता, टेबलावर ठेवला. डॉक्टर हसले, मग आईला म्हणाले की चूक आमचीही आहे, वेळापत्रक आम्ही लिहून द्यायला हवं होतं. आता सकाळी एक आणि रात्री दोन गोळ्या, दुपारची भानगडच नाही. पावडर तीच, त्याच वेळा. जीजीटी केली, वाढलेली आहे, म्हणजे फॉस्फटेज यकृताचंच. बेझाफायब्रेटबद्दल सहा महिन्यांनी बोलू म्हणाले.

मी ग्लोब स्कोअरचा कागद काढला तर त्यांच्याआधी आईच म्हणाली, "पेपर दोन तृतीयांशच सोडवलाय, आत्ता कसले मार्क लावता."

खाज अजून आहे. काथ्या मी पुण्याला घेऊन आलेय.

रिपोर्टसंध्याकाळी | बुधवार, रात्री ८.५०

सहा महिन्यांनी त्याच लॅबमध्ये. आणि रिपोर्ट आला की प्लेटलेट्स इथे टाकण्याआधी शंभराने गुणा.

गवतीचहा | बुधवार, रात्री ८.५२

गुणलं. सेल लॉक केलाय.